पेपरात न आलेलं दुखणं

माझ्या सासूबाईंना, द्वारकाबाईंना, एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण आजारपणाबद्दल जेवढं म्हणून छापून आलं, तेवढं सगळं साखऱ्यात त्यांच्याइतकं कुणी ऐकलं नसेल. वाचून दाखवणारी मी होते.

मी मंजुषा. माहेर आखाडा बाळापूर, शिक्षण बारावी. दोन हजार साली शिवहारशी लग्न होऊन सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला आले. घरची साडेचार एकर कोरडवाहू जमीन आणि शंभराच्या आसपास मेंढ्या-शेळ्या. दिवाळी सरली की सासरे, सोनाजी, मेंढरं घेऊन पैनगंगेच्या अंगानं निघायचे ते गुढीपाडव्याला परतायचे. शेळ्या मात्र घरी असायच्या, सासूबाईंच्या ताब्यात. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. उंच, हाडकुळ्या, कमी बोलणाऱ्या. शेळी अडली तर कोपरापर्यंत हात घालून करडू फिरवायच्या. कासेवरून नुसता तळवा फिरवून सांगायच्या, "हिला उद्या ताप येनार." बाईच्या शरीराबद्दल मात्र त्या घरात कुणी तोंड उघडत नसे. मला दिवस गेले तेव्हासुद्धा त्यांनी काही विचारलं नाही, नुसती माझ्या कमरेवरची घागर काढून घेतली.

दोन हजार दोनच्या दिवाळीआधी तांड्यावरच्या थावराची बायको गेली. ती आत्याबाईंची जुनी मैत्रीण. दोघी एकाच रानात शेळ्या चारायच्या. वर्षभर तिला पांढरं जात होतं, मग लाल जायला लागलं, आणि नांदेडच्या डॉक्टरांनी पिशवीचा कॅन्सर म्हणून सांगितलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आत्याबाई तिला दोनदा भेटून आल्या. तिसऱ्यांदा गेल्या आणि दारातूनच परतल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "वास सहन व्हईना."

त्यानंतर आठेक दिवसांनी किराणा दुकानातून आलेला साखरेचा पुडा त्यांनी रिकामा केला, कागद मांडीवर सरळ केला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्यात काय लिवलंय बघ. बाईचं चित्र हाय."

पेपराच्या आरोग्य पुरवणीचं अर्धं पान होतं. मी वाचलं. आत्याबाई शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "बस, येवढंच?"

तेव्हापासून हे सुरू झालं. शिवहार सेनगावला गेला की त्याला दर मंगळवारची पुरवणी आणायला सांगायच्या. दवाखान्यातले फुकटचे कागद, औषधाच्या बाटलीतली घडी, बसस्टँडवर वैदू वाटायचा ती पत्रकं, सगळं घरी यायचं. परभणी केंद्रावर डॉक्टरांची मुलाखत असली की रेडिओ चुलीजवळ यायचा. शेजारी केबल होती, तिथं सकाळी एक महाराज पोट हलवून सगळे रोग घालवायचे, तेही त्या बघून यायच्या. मग एकदा ॲल्युमिनियमनं कॅन्सर होतो असं ऐकलं आणि घरातली तिन्ही पातेली गोठ्यात गेली. पुढच्या आठवड्यात तांब्याच्या भांड्यातलं पाणी अमृत ठरलं, त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच विष. टोमॅटो खावा की खाऊ नये हे अखेरपर्यंत ठरलं नाही. मिसरी वाईट हे मात्र सगळेच सांगत होते. त्यांनी तीन दिवस मिसरी लावली नाही, डोकं धरून बसल्या आणि चौथ्या दिवशी पुन्हा डबी उघडली.

एका पत्रकात कॅन्सरची सात लक्षणं दिली होती. ते ऐकायला गल्लीतल्या पाच-सहा बाया जमल्या. मी एकेक लक्षण वाचत गेले आणि बायांचे चेहरे उतरत गेले. एकीला खोकला होता, एकीच्या पायाची जखम भरत नव्हती, दोघींना पांढरं जात होतं. संपेपर्यंत प्रत्येकीला किमान तीन लक्षणं सापडली होती. मला स्वतःला दोन सापडली. त्या रात्री मी जेवले नाही.

हळूहळू मी वाचताना खाडाखोड करू लागले. भीती वाटेल अशी ओळ आली की गाळायची. कधी पदरचं घालायची, "घाबरण्याचे कारण नाही" असं. आत्याबाई ऐकून घ्यायच्या. पण त्यांचं समाधान झालेलं मी एकदाही पाहिलं नाही. वाचून झालं की त्या जरा वेळ तशाच बसायच्या, जसं काही अजून एक पान राहिलंय, आणि मग शेळ्यांकडे जायच्या.

दोन हजार चारच्या जानेवारीत आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात तपासणी शिबिर लागलं. तीस वर्षांवरच्या बायांची पिशवीच्या तोंडाची तपासणी, फुकट. अंगणवाडीच्या कौशल्याबाईंना साखऱ्यातून तीस बाया आणायला सांगितलं होतं. त्या घरोघर हिंडल्या. मी त्यांच्यासोबत नावं लिहायला होते, म्हणून सगळी उत्तरं ऐकली.

"मला कायबी तकलीफ न्हाई, मग दाखवू काहून?"

"अन् निघालंच काही, तर? साऱ्या गावात व्हईल."

"ते तपासायच्या नावानं पिशवी काढून घेतेत."

हे शेवटचं बोलणारी माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी होती. तिची पिशवी एका खाजगी डॉक्टरानं दोन वर्षांपूर्वीच काढली होती, न काढल्यास कॅन्सर होईल असा धाक घालून. तेव्हापासून तिची कंबर धरलेली ती सुटली नव्हती. कौशल्याबाई पुढच्या दाराकडे वळल्या.

पण सगळ्यात जास्त अडलं ते आत्याबाईंपाशी. कौशल्याबाई ओट्यावर बसून समजावत होत्या, "बाई, पाच मिंटाचं काम हाय. औषधाचं पाणी लावून बघतेत. डाग दिसला तरच पुढचं. डॉक्टरबी बाईच हाय."

"मला ठावं हाय," आत्याबाई म्हणाल्या. "मंजुषानं वाचलंय सारं."

"मग येनार ना?"

"न्हाई."

आत्याबाई उठून गेल्या. गावात ही गोष्ट पसरायला दुपार लागली नाही. जिला सगळं माहीत आहे तीच जात नाही म्हटल्यावर, ज्या दहा-बारा बायांनी नावं दिली होती त्यांनीही काढून घेतली. कौशल्याबाईंनी माझा हात धरला. "तुझ्या सासूला राजी कर माय. तिच्यापायी सगळ्या बसल्या."

मला राग आला होता. सव्वा वर्ष माझ्या घशाला कोरड पाडून सगळं ऐकलं, आणि आता पाच मिनिटं नकोत?

शिबिराच्या दोन दिवस आधी मी विहिरीवर धुणं घेऊन गेले. आत्याबाई स्वतःचे कपडे स्वतःच धुवायच्या, कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी माझ्या धुण्यात त्यांचं एक फडकं आलं. लंगोटासारखं शिवलेलं, दोन्ही बाजूंना नाड्या. त्यावर रक्ताचे डाग होते. त्यांची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती हे मला माहीत होतं. ते फडकं हातात धरून मी पायरीवर बसले, आणि थावराच्या बायकोचं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

घरी आले तर आत्याबाई गोठ्यात झाडत होत्या. मी फडकं पुढे केलं. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग ते माझ्या हातातून ओढून घेतलं.

"हे कव्हापासून?" मी विचारलं.

"रगत दिवाळीपासून."

"अन् नाड्या कशाला लावल्यात?"

त्यांनी फडकं कमरेला खोचलं. मग खूप हळू म्हणाल्या, "अंग बाहेर येतंय माझं. सुकन्येच्या बाळंतपणापासून."

सुकन्या माझी नणंद. तेव्हा चौदा वर्षांची, हिंगोलीला आश्रमशाळेत शिकायची. तेव्हा आत्याबाईही मेंढरांमागे हिंडायच्या, आणि तिच्या जन्माच्या बाराव्या दिवशी मेंढरांचा मुक्काम हलला होता. पाऊस पडून गेलेला, आणि वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, भिजून दगडासारखी जड झालेली. ती आत्याबाईंनी उचलून घोड्यावर टाकली आणि तेव्हाच आत काहीतरी निसटलं, गर्भाची पिशवी खाली सरकली. चौदा वर्षं त्या ते फडक्यानं बांधून चालत होत्या, शेळ्या चारत होत्या, माझी घागर उचलत होत्या. बायांत बसताना त्या नेहमी दगडाच्या काठावर टेकायच्या. मला वाटायचं, मानी बाई आहे, खाली बसत नाही.

"कुणालाच सांगितलं न्हाई? मामंजींना?"

"त्याहिला काय सांगू?"

"मग मला तरी सांगायचं ना आत्याबाई. येवढं सारं वाचून घेतलं माझ्याकडून."

"म्हनूनच तर वाचून घेतलं." त्यांचा आवाज फाटला. "म्या वाट बघून राहिले व्हते. कोन्त्या तरी पेपरात माझं दुखनं येईल. आलं असतं तर म्या म्हनले असते, हे बघ, हेच मला हाय. माझ्या तोंडानं सांगावं लागलं नसतं. पन त्येच तेवढं येईना. छातीचं आलं, पोटाचं आलं, घशाचं आलं."

मी त्यांच्या हातातला झाडू घेतला आणि राहिलेला गोठा झाडून काढला.

शिबिराला त्या आल्या. कुणाला सांगून नाही, सकाळीच लुगडं बदलून कौशल्याबाईंच्या जीपजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना पाहून सात बाया चढल्या. बाळंतपणाच्या खोलीला फुलाफुलांची चादर टांगून आडोसा केला होता. आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं नाही म्हणून मला आत घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फडक्याच्या नाड्या सोडल्यावर त्यांनी विचारलं, "किती वर्षं झाली?"

"चौदा."

डॉक्टरीणबाईंचा लिहिता हात थांबला. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त स्टूल पुढे ओढलं. खूप वेळ पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तोंडाशी जखम आहे. घासून झालेली असेल, पण मी डोळ्यांनी खात्री देऊ शकत नाही. बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवते. रिपोर्टला तीन आठवडे लागतील."

"कॅन्सर असंल का?"

"रिपोर्ट येऊ द्या."

ते तीन आठवडे मला आजही दिवसवार आठवतात. आत्याबाईंनी वाचायला सांगणं बंद केलं. मंगळवारची पुरवणी आली तशी घडीतच राहिली. त्यांनी मला शेळ्या शिकवायला घेतलं. कोणती आधी विते, कोणती दुसरीच्या करडाला पाजत नाही, कोणत्या पानानं पोट फुगतं. एवढ्या घाईनं शिकवायच्या की मला एकेक शब्द नकोसा व्हायचा. मी म्हणायचे, "सावकाश सांगा ना, पळून जाऊन राहिल्या का शेळ्या?" त्या पुढच्या शेळीकडे वळायच्या.

आणि मी, जी भीतीच्या ओळी गाळायची, ती आता चोरून वाचू लागले. जुने सगळे कागद काढले. एका पत्रकात ठळक अक्षरांत होतं, गाठीचा तुकडा काढला की रोग वाऱ्यासारखा सगळ्या अंगात पसरतो, चाकू लावू देऊ नका. खाली कुठल्यातरी काढ्याची जाहिरात होती. जाहिरात आहे हे मला कळत होतं. तरी ते मी तीनदा वाचलं. तुकडा काढू द्यायला होकार मीच दिला होता. मी ते पत्रक चुलीत घातलं.

चार दिवसांनी आत्याबाई पाणी घेऊन आल्या आणि घागर खाली न ठेवताच म्हणाल्या, "विहिरीवर बाया बोलून राहिल्या, तुकडा काढला की पसरतं म्हनून. तू वाचलं व्हतंस?"

"व्हय."

"मग लपवलंस काहून?"

"तुमी घाबराल म्हणून."

"आधीबी तू गाळायचीस. मला कळायचं. खोटं वाचताना तुझा आवाज गोड व्हतो." त्यांनी घागर उतरवली. "आता रिपोर्ट येईल, तव्हा मला गोड वाचू नको. जसं लिवलंय तसं वाच."

शिवहारला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. आईचं असलं दुखणं ऐकून तो लाजेनं खाली बघत राहिला होता, पण तिसऱ्या आठवड्यात कुणी न सांगता बस धरून नदीकडे गेला, मेंढरं चुलतभावाच्या हवाली केली आणि मामंजींना घेऊन आला. वाटेत त्यानंच त्यांना कसंबसं सांगितलं असावं. मामंजी भर दुपारी अंगणात आले, घोंगडं खांद्यावर तसंच. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी उठायला लागले तर त्यांनी मला पदराला धरून बसवलं.

मामंजी त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "चौदा सालं म्या समजून राहिलो, तू माझ्यावर रुसून बाहेर झोपती."

आत्याबाईंनी सुपातून मान वर केली नाही.

"येकदा इचारलं असतं तर?" त्या म्हणाल्या.

"तू येकदा सांगितलं असतं तर?"

कुणाचाच आवाज चढला नाही. मामंजींनी घोंगडं अंथरलं आणि त्यांच्या शेजारी बसून तेही तांदूळ निवडू लागले. त्यांना खडे नीट दिसत नव्हते, तरी बसले.

तेविसाव्या दिवशी कौशल्याबाई रिपोर्ट घेऊन आल्या. लिफाफा मी फोडला. सगळं इंग्रजीत टाइप केलेलं, तेही फिकट. आत्याबाई समोर उभ्या. मी अक्षरं लावत गेले. एक शब्द ओळखीचा निघाला, मॅलिग्नन्सी. तो कॅन्सरचाच दुसरा शब्द, हे मला पुरवण्या वाचून पाठ झालं होतं. आणि त्याच ओळीत, त्याच्या आधी, निगेटिव्ह. निगेटिव्ह म्हणजे वाईट, एवढंच त्या घडीला मला सुचलं.

"वाच," आत्याबाई म्हणाल्या.

मी जसं होतं तसं वाचलं. निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी.

"म्हंजे?"

"मला नक्की कळंना आत्याबाई. कॅन्सरचं नाव हाय ह्यात."

त्या भिंतीला टेकल्या. कौशल्याबाई घाईनं म्हणाल्या, "मलेरियाच्या रक्तात निगेटिव्ह आलं की ताप न्हाई म्हंतेत. पन ह्यात तसंच असतं का, मला ठावं न्हाई." त्या होय म्हणतील म्हणून आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. त्या म्हणाल्या नाहीत.

तासाभरात काळी-पिवळी जीप पकडून आम्ही चौघं हिंगोलीला निघालो. मामंजी पुढे, शिवहार मागे लटकून. सगळ्या वाटेनं आत्याबाई एकच बोलल्या, "कबऱ्या शेळीला आज कुणी सोडलं न्हाई." डॉक्टरीणबाई त्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात होत्या. पुढे बावीस बाया. आमची पाळी येईपर्यंत मी तो कागद इतका चुरगळला होता की त्यांनी तो टेबलावर तळव्यानं सरळ केला. वाचायला त्यांना दोन क्षण लागले.

"कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "निगेटिव्ह म्हणजे सापडला नाही. जखम घासूनच झाली आहे. अंग आत बसवायचं ऑपरेशन करावं लागेल, पिशवीही काढावी लागेल. पण ती कॅन्सरच्या भीतीनं नाही, तुम्हाला नीट चालता-बसता यावं म्हणून. नांदेडला चिठ्ठी देते."

मामंजी डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा बांधायला लागले. मला रडू फुटलं. आत्याबाई मात्र डॉक्टरीणबाईंकडे टक लावून पाहत होत्या.

"बाई," त्यांनी विचारलं, "थावराची बायको अशीच येऊन दाखवून गेली असती, तर वाचली असती?"

थावराची बायको कोण हे डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं. पण प्रश्न कळला. "वेळेत आल्या असत्या तर, बहुतेक हो."

आत्याबाई मग रडल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, मोठ्यानं. मैत्रीण गेली त्या दिवशीसुद्धा मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं.

ऑपरेशन पाडव्याच्या आधी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात झालं. बारा दिवस मी तिथंच होते. घरी आल्यावर तीन महिने जड उचलायचं नाही असं सांगितलं होतं, ते त्यांनी जेमतेम दीड महिना पाळलं. त्या उन्हाळ्यात एकदा बायांमध्ये त्या जमिनीवर मांडी घालून बसलेल्या मी पाहिल्या.

पुढच्या वर्षीच्या शिबिराला साखऱ्यातून एकोणीस बाया गेल्या. आत्याबाई कुणाला उपदेश करत नव्हत्या. फक्त एखादी बाई काठावर टेकून बसलेली दिसली की तिच्याजवळ जाऊन हळूच विचारायच्या, "तुला काही तकलीफ तर न्हाई ना?" दोघींनी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं. एकीला डाग निघाला, तो दवाखान्यातच जाळून टाकला, ती आज बरी आहे. पिशवी काढलेली ती पोर पुढच्याही कुठल्या शिबिराला फिरकली नाही आणि तिला कुणी आग्रहही केला नाही.

दोन हजार आठ साली मी तिशी ओलांडली. म्हणजे आता माझा नंबर. मला जेवढं माहीत होतं तेवढं त्या शिबिरातल्या नर्सलाही नसेल, आणि तरी मी वर्षभर टाळलं. एकदा पेरणी होती, एकदा पाहुणे होते, एकदा काहीच नव्हतं. आत्याबाईंनी काही विचारलं नाही. दोन हजार नऊच्या हिवाळ्यात मी एकटीच गेले. माझं काही निघालं नाही. तीन वर्षांनी पुन्हा या म्हणून कार्डावर तारीख लिहून दिली. ते कार्ड मी आरशामागे खोचून ठेवलंय, आणि केस विंचरताना त्याच्याकडे नजर गेली की त्याचं टोक मी अजूनही बोटानं आत सारते.